अजनी-पुणे वंदे भारत: गाडी आली, आता रस्ता हवा

पुण्यात मुलं असलेले माझे सगळे शेजारी एकच विचारतात, वंदे भारतने जावं का? माझं उत्तर हो आहे. दिवसा प्रवास जमत असेल, कंबर धड असेल आणि दोन हजारांच्या थोडं वर भाडं परवडत असेल तर नागपूरहून पुण्याला रेल्वेने जायला सध्या याहून बरी गाडी नाही. पण मी आयुष्यभर रुळाची नोकरी केली आहे. त्यामुळे सीट, चहा आणि एसी एवढ्यावर मला थांबता येणार नाही. गाडी ज्याच्यावरून धावते त्याबद्दल बोललो नाही तर हा अभिप्राय अर्धाच राहील.

मी पी-वे खात्यातून निवृत्त झालो. रूळ, स्लीपर, गिट्टी, भराव, नाल्या, वळणं, सगळं आमच्याकडे. प्रवासी गाडीत बसतो तेव्हा त्याला इंजिन दिसतं, डबा दिसतो. खालचा रस्ता कुणालाच दिसत नाही, तो फक्त अंगाला कळतो. पाणी भरलेला ग्लास टेबलावर कसा राहतो, पुस्तक वाचता येतं का, संडासात उभं राहताना भिंत धरावी लागते का, ही सगळी आमच्या कामाची परीक्षा.

आधी कामाची माहिती. ही गाडी १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. अजनीहून सकाळी ९.५० ला निघते, पुण्याला रात्री ९.५० ला पोहोचते. पुण्याहून सकाळी ६.२५ ला निघून संध्याकाळी ६.२५ ला अजनी. अंतर ८८१ किलोमीटर, वेळ दोन्हीकडे बरोबर बारा तास. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, कोपरगाव, अहिल्यानगर आणि दौंड कॉर्ड लाईन या थांब्यांवरून जाते. दौंडच्या मुख्य स्टेशनात न शिरता कॉर्ड लाईनवरून, म्हणजे बाहेरूनच जाणाऱ्या जोडमार्गावरून गेल्यामुळे इंजिन उलटवण्याचा जुना खोळंबा नाही. डबे आठ, त्यातले सात साध्या चेअर कारचे आणि एक एक्झिक्युटिव्हचा.

गाडी अजनीहून सुटते, नागपूर मुख्य स्टेशनवरून नाही, हे नीट लक्षात ठेवा. दक्षिण नागपुरातल्या लोकांना अजनी सोयीचंच आहे. मानेवाडा, नरेंद्रनगर, मेडिकल चौक, सगळं हाकेच्या अंतरावर. जरीपटका किंवा कोराडी रोडकडून येणाऱ्यांनी मात्र अर्धा तास जास्त धरून निघावं. स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे आणि अशा कामात रस्ता कधी इकडून, कधी तिकडून वळवतात. ज्येष्ठांना आणि सामान जास्त असणाऱ्यांना ऐन वेळी पळापळ नको.

आतलं सगळं छान आहे. खिडकी मोठी, काच स्वच्छ, दारं आपोआप लागतात. साध्या चेअर कारमध्ये एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा खुर्च्या आहेत. तिघांच्या रांगेत मधली जागा मिळाली तर बारा तास दोन्हीकडचे कोपरे सांभाळत बसावं लागतं. म्हणून तिकीट काढताना खिडकी मागा. जाताना गाडीचं तोंड मनमाडपर्यंत पश्चिमेला असतं, म्हणजे उजवी बाजू उत्तरेची, सावलीची. मनमाडनंतर गाडी दक्षिणेला वळते आणि मावळतीचं ऊन उजवीकडून येतं, पण तोवर त्याचा जोर गेलेला असतो. उजवीकडची खिडकीच घ्या.

जेवण तिकिटासोबत घेता येतं. मला गरम वरणभात मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. तरी बायकोने घरून सांबारवडी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्याच होत्या, आणि समोरच्या रांगेतल्या दोन पोरांनी पुऱ्यांचा डबा पाहताच मोबाइल खाली ठेवले. दोघंही नागपूरचीच, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. पूर्वी दिवाळीला ट्रॅव्हल्सच्या बसने येत. सणाच्या दिवसांत एका ट्रॅव्हल्सने त्यांच्याकडून किती भाडं घेतलं ते ऐकून बायको गप्पच झाली. या मुलांसाठी ही गाडी खरोखर मोठी गोष्ट आहे. भाडं ठरलेलं, वेळ ठरलेली, रात्री घाटात बस कुठे थांबेल ही आईची काळजी नाही. बाकी सगळं विसरलं तरी या एका कारणासाठी मी गाडीला पाचपैकी चार देईन.

त्यांच्यातल्या एकाने बडनेऱ्याच्या आधी मला विचारलं, "काका, तुम्ही सकाळपासून खालीच काऊन पाहून राहिले?"

मी खाली पाहत होतो कारण अजनी ते वर्धा या टप्प्यात सध्या बघण्यासारखं सगळं खालीच आहे. नागपूर-वर्धा तिसऱ्या आणि चौथ्या लाईनचं काम चाललं आहे. बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, कुठे ना कुठे नवा भराव, रोलर, गिट्टीचे ढीग, रचून ठेवलेले काँक्रीटचे स्लीपर दिसतातच. रेल्वेमार्ग कसा बांधतात हे ज्याला पाहायचं आहे त्याने या गाडीची खिडकी धरावी, कारण एकाच प्रवासात त्याला कामाच्या सगळ्या पायऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी दिसतील. कुठे नुसती माती पडली आहे, कुठे ती दाबून झाली आहे, कुठे वर मुरमासारख्या निवडक मालाचा थर आला आहे, कुठे स्लीपर मांडले आहेत.

त्या मुलाला मी सांगितलं ते इथेही सांगतो. रूळ टाकणं हे काम सर्वांत शेवटी येतं आणि सर्वांत लवकर होतं. भिलाईच्या कारखान्यातून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ येतात, स्लीपर साठ-साठ सेंटिमीटरवर मांडलेले असतात, म्हणजे किलोमीटरमागे साधारण १६६०. चांगली टोळी आणि यंत्रं असतील तर रूळ भराभर पुढे सरकतात. सगळा वेळ आणि सगळी अक्कल लागते ती त्याखाली. भराव थराथराने टाकायचा, प्रत्येक थराला नेमका ओलावा द्यायचा, दाबायचा, नमुना काढून तपासायचा, मग पुढचा थर. त्यावर ब्लँकेट म्हणतात तो दाणेदार मालाचा थर, त्यावर गिट्टी. यात घाई केली तर ती पहिल्या पावसात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसात दिसते, आणि मग त्या जागी वेग कमी करायला सांगणारी पाटी लागते ती वर्षानुवर्षं निघत नाही.

आणि आपल्याकडे तर खाली काळी माती. वर्धा, पुलगाव, धामणगाव, पुढे अकोल्यापर्यंत कापसाची जमीन. शेतकऱ्यासाठी ती लक्ष्मी आहे, रुळासाठी नाही. पावसात ती पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात करपलेल्या भाकरीसारखी तडकते. भराव तिच्यावर बसलेला, भरावावर गिट्टी, गिट्टीवर स्लीपर, वरून मालगाडी. फुगण्या-आकसण्यात एक रूळ दुसऱ्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर खाली जातो. शंभरच्या वेगाला ते प्रवाशाला कळतही नाही. वेग वाढवत नेला की तेच दोन-चार मिलिमीटर डब्याला हेलकावा देतात. गिट्टी खाली मातीत शिरते आणि माती पाण्याबरोबर वर येते. आम्ही त्याला पंपिंग म्हणायचो. पावसाळ्यात करड्या गिट्टीत मध्येच चिखलाचा काळा डाग दिसला की समजायचं, खाली दुखणं आहे. वरून गिट्टी टाकून, यंत्राने ठोकून ते काही दिवस दबतं, बरं होत नाही. ते बरं करायचं म्हणजे गाड्या थांबवून खालून उपसायला हवं, आणि एवढा वेळ कोण देतो?

वेळ हाच या खात्यातला सर्वांत महाग माल आहे. पुलगावच्या पुढे एका ठिकाणी गँग बाजूला उभी होती, केशरी जाकिटं, हातात फावडी आणि सब्बल. आमची गाडी जाईपर्यंत थांबलेली. त्यांना दिवसातून ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ मोकळा मिळण्याची वेळ, मिळतो तो दोन गाड्यांच्या मधला. यंत्र आणायचं, काम उघडायचं, करायचं, मिटवायचं आणि रूळ पुन्हा सुरक्षित करून द्यायचा, सगळं त्यात. त्या वेळेत एक स्लीपरही अर्धवट सोडता येत नाही. नागपूर-भुसावळ हा देशातल्या गर्दीच्या मार्गांपैकी आहे. हावडा-मुंबई मार्गाच्या गाड्या, पुण्याच्या गाड्या आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणींतून निघालेला कोळसा, सगळं याच दोन रुळजोड्यांवर. उन्हाळ्यात हवा ४६ अंशांवर गेली की रूळ साठीच्या पुढे तापतो, आणि भर दुपारी कुणीतरी पायी चालत तो वाकला नाही ना हे बघत असतो. वंदे भारतच्या गार डब्यात बसलेल्या प्रत्येकाने खिडकीतून ती केशरी जाकिटं दिसली तर त्यांच्याकडे जरूर बघावं. वेळेवर पोहोचण्यात त्यांचा वाटा ड्रायव्हरएवढाच आहे.

आता हिशेब. ८८१ किलोमीटर बारा तासांत, म्हणजे ताशी सरासरी ७३. गाडी १८० साठी बनवलेली आहे आणि १६० ने चालवायला योग्य मानली जाते. भुसावळ-बडनेरा पट्ट्यात १३० ची परवानगी आहे आणि तिथे ती खरंच सुरेख धावते. शेगाव आलं, डब्यातल्या मंडळींनी हात जोडले, तोवर नांदुरा-मलकापूरकडे कूच. मग सरासरी ७३ का? कारण १८० ची गाडी दीडशे वर्षांपूर्वी आखलेल्या रस्त्यावर धावते आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोहोचली. रूळ बदलले, स्लीपर लाकडाचे होते ते काँक्रीटचे झाले, विजेच्या तारा आल्या, पण रेघ बरीचशी तीच. तेव्हाच्या लोकांनी टेकडी आली की वळसा घेतला, नाला अरुंद जिथे तिथे पूल बांधला. त्या काळासाठी ते शहाणपणाचंच होतं.

वळण हा वेगाचा खरा शत्रू आहे. आमच्या भाषेत दोन अंशाचं वळण म्हणजे साधारण ८७५ मीटर त्रिज्या. वळणावर गाडी बाहेर रेटली जाते म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात. तिथे तो नियमात बसेल तेवढा, म्हणजे १६५ मिलिमीटर उचलला आणि त्याहून कमी पडणाऱ्या उंचीसाठी नियमाने मिळते ती सूट पूर्ण वापरली, तरी हिशेबाने १३० च्या वर जाता येत नाही. गाडी कितीही नवी असो. आणि प्रत्यक्षात १६५ उचलताही येत नाही, कारण त्याच वळणावरून मागाहून कोळशाची मालगाडी येणार आहे, साठच्या वेगाने, एकेका आसावर तेवीसेक टन वजन घेऊन. बाहेरचा रूळ वेगवान गाडीसाठी जास्त उचलला तर ही संथ गाडी सगळा भार आतल्या रुळावर टाकते आणि तो रगडला जातो. कमी उचलला तर वेगवान गाडीला वेग कमी करावा लागतो. पी-वे वाला रोज या दोघांमध्ये तडजोड करत असतो. ही तडजोड कितीही हुशारीने केली तरी ती तडजोडच राहते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: नागपूरला आणखी नव्या गाड्या देऊन आता फार काही हाती लागणार नाही. गाडी बदलून तीनेक तास वाचले. पुढचे तास वाचायचे तर वेगळा रस्ता लागेल, जिच्यावर मालगाडी नाही, फाटक नाही, तीव्र वळण नाही अशी स्वतंत्र लाईन. जपानने १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो-ओसाका लाईन उघडली तेव्हा हेच केलं. जुन्या रुळांच्या बाजूने नवी, वेगळ्या गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची), फक्त प्रवासी गाड्यांची वाट बांधली आणि पहिल्याच दिवसापासून ताशी २१० चा वेग घेतला. आणि तिथे रात्री बारा ते सकाळी सहा एकही प्रवासी गाडी धावत नाही. ते सहा तास पूर्ण देखभालीचे. आमच्या गँगला हे सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. मला त्या लाईनबद्दल सर्वांत जास्त हेवा वाटतो तो तिच्या वेगाचा नाही, या सहा तासांचा.

आपल्या देशात ही वाट सध्या मुंबई-अहमदाबाद दरम्यान बांधली जाते आहे. ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, ३२० चा वेग. भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ ला झालं. माझ्या हाताखाली काम शिकलेला एक मुलगा आता तिकडे सुरतच्या बाजूला आहे. फोनवर त्याच्याकडून कामाच्या गोष्टी ऐकताना माझा चहा गार होतो. तिथे भरावच जवळपास नाही. बहुतेक सगळा मार्ग खांबांवर आहे. चाळीस मीटर लांबीचा अख्खा गर्डर, ९७० टन वजनाचा, कारखान्यासारख्या आवारात एका वेळी ओततात आणि आधी बसवलेल्या गर्डरवरूनच वाहून पुढच्या दोन खांबांवर ठेवतात. वर गिट्टी नाही. काँक्रीटचा सपाट पाया, त्यावर कारखान्यात बनलेल्या लाद्या, प्रत्येक लादी जवळपास पाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद, वजन चार टनांच्या आसपास. लादी आणि पाया यांच्यामध्ये सिमेंट आणि डांबराचं मिश्रण ओततात. ते कडकही आहे आणि थोडं नरमही, त्यामुळे धक्का पिऊन घेतं. लादी जागेवर बसवताना मिलिमीटरच्या आत मोजमाप चालतं. मुख्य मार्गावरच्या वळणाची त्रिज्या साधारण ६००० मीटर. ८७५ आणि ६०००, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

मी त्याला विचारलं, काळी जमीन लागते का रे तिकडे? दक्षिण गुजरातेतही काळी माती आहेच. तो म्हणाला, "सर, आम्ही तिच्यावर बसतच नाही. तिच्या खालच्या खडकावर पाय ठेवतो." विदर्भासाठी यात फार मोठी गोष्ट आहे. काळ्या मातीशी दरवर्षी भांडत बसायचं नसेल तर तिच्यातून आरपार खाली जाऊन खांब रोवायचे. महाग आहे, खूपच महाग आहे. पण खांबांवरच्या मार्गाला जमिनीची पट्टी सुमारे साडेसतरा मीटर रुंद लागते. समृद्धी महामार्गाची पट्टी १२० मीटर होती. आणि खांबांखालून बैलगाडी जाते, पाण्याचा ओघळ जातो, शेताचे दोन तुकडे झाले तरी एकातून दुसऱ्यात जायला चार किलोमीटरचा फेरा पडत नाही. समृद्धीच्या वेळी ज्यांनी हा फेरा सोसला त्यांना याची किंमत विचारा.

मुंबई-नागपूर अतिजलद मार्गाचा प्रस्ताव आहे. २०२१ च्या मार्चमध्ये त्यासाठी विमानातून लिडार पद्धतीची, म्हणजे लेसर किरणांनी जमिनीची मोजणी सुरू झाली होती. लांबी साधारण साडेसातशे किलोमीटर, जालना-नाशिकच्या बाजूने. समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये उघडला. त्यामुळे बरेच लोक म्हणतात, रस्ता आहेच, बाजूने रूळ टाका. इतकं सोपं नाही, आणि ज्याला हा मार्ग मनापासून हवा आहे त्याने हे समजून घेतलं पाहिजे. समृद्धीची आखणी ताशी १५० किलोमीटरसाठी झाली. वेग दुप्पट केला की वळणाची त्रिज्या दुप्पट नाही, चौपट लागते. म्हणजे जिथे महामार्ग वळतो तिथे रेल्वेला त्याची साथ सोडून लांबचा, सरळ कंस घ्यावा लागेल, पट्टीच्या बाहेर जाऊन शेतातून, काही ठिकाणी डोंगरातून. चढाचंही तसंच. सोबत मिळेल, पण सगळीकडे नाही. हे आजच मोकळेपणाने लोकांना सांगितलं तर जमीन घेताना अविश्वास कमी होईल. ज्याची जमीन जाणार त्याला शेवटी कळायला नको.

नागपूरला हे पेलणार नाही असं कुणी म्हटलं की मी त्याला गड्डीगोदामला घेऊन जातो. खाली जमिनीवरचा रस्ता, त्यावर रेल्वेची चालू लाईन, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. त्यासाठी १६५० टनांचा पोलादी गर्डर धावत्या रेल्वेलाईनच्या वर चढवला, आमच्याच रेल्वेने दिलेल्या ब्लॉकमध्ये. चालू लाईनवर काम करणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे तो तिथे मान वर करून उभा राहतो. हे काम ज्या शहरात झालं तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांना खांब, गर्डर आणि लादी यांची कामं शिकायला परमुलखात जावं लागू नये असं मला फार वाटतं. आमच्या काळी इथल्या पोरांना अजनीचं शेड आणि मोतीबागेचं वर्कशॉप होतं. मोतीबागेत आता नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासून. मुलांना तिथेही न्या. ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर सातपुड्यात किती गावं जोडली होती ते कळेल.

हे सगळं बोलता बोलता मूर्तिजापूर येऊन गेलं. एकेकाळी इथून शकुंतला ही नॅरोगेजची छोटी गाडी यवतमाळला आणि अचलपूरला जायची, हळूहळू, माणसाला चढता-उतरता येईल अशा चालीने. ती बंद पडली याचं दुःख मला आजही आहे. वेगवान लाईन मागणारा माणूस शकुंतलेसाठी का हळहळतो, असं त्या मुलाने विचारलं. कारण यवतमाळच्या माणसाला बडनेऱ्यापर्यंत यायलाच तीन बस बदलाव्या लागल्या तर वंदे भारत त्याच्या काय कामाची? वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईन लवकर पूर्ण व्हावी, ती या गोष्टीचाच भाग आहे.

मनमाडच्या पुढे अंधारू लागलं की डब्यात मंडळी थकतात. पाठ बोलायला लागते, लहान मुलं रडतात, मोबाइलची गाणी मोठी होतात. बारा तास बसून जाणं ही साठीच्या पुढच्या माणसाला शिक्षा नसली तरी कसोटी आहे. बायकोने भुसावळपासून दर तासाला उठून डब्यात दोन फेऱ्या मारल्या, आणि तिचंच बरोबर होतं, कारण पुण्यात उतरताना मी लंगडत होतो आणि ती नाही. दौंड-मनमाड मार्गाच्या दुहेरीकरणाची कामं अनेक वर्षं चालली. एकेरी लाईनवर समोरची गाडी येईपर्यंत थांबून राहण्याचे ते दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना आजचा फरक लगेच जाणवेल. याही कामाची कुठे फीत कापल्याची मोठी बातमी झाली नाही. पण या गाडीचं वेळापत्रक त्याच्याच जोरावर उभं आहे.

गुडघे, कंबर, मणके यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रात्रीच्या झोपून जायच्या गाडीचं तिकीट काढावं. वेळ तीनेक तास जास्त जाईल, पण पाठ टेकायला मिळेल. एक्झिक्युटिव्हची खुर्ची रुंद आहे आणि पूर्ण फिरवता येते. भाडं मात्र साध्या चेअर कारच्या पावणेदोनपट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने साधी चेअर कारच घ्यावी.

पुण्याला रात्री दहाच्या सुमारास उतरल्यावर हिंजवडी-वाकडकडे जायचं असेल तर न्यायला कुणाला तरी बोलवा किंवा आधीच गाडी ठरवून ठेवा. आम्हाला मुलगी घ्यायला आली होती. परतीच्या वेळी गाडी पुण्याहून सकाळी ६.२५ ला निघते, त्यामुळे आदल्या रात्री स्टेशनजवळ मुक्काम असला तर पहाटेची धावपळ टळते. अजनीहून ही गाडी सोमवारी नाही आणि पुण्याहून मंगळवारी नाही. सुटीचं नियोजन करताना हे दोन वार आधी बघा, आणि दिवाळीचं तिकीट आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळी आठलाच काढायला बसा.